घाटातली गर्दी : मेळघाटात कोण आले, कोण उतरले

१/
काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आले आणि आम्ही पाच मित्र पहाटेच गाडी काढून अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्याला चहा झाला, धामणगाव गढी मागे पडली, घाट सुरू झाला आणि काही वळणांनंतर गाडी थांबली, ती जवळजवळ तीन तासांसाठी. पुढेमागे एमएच २७, २८, २९, ३०, ३१. सारे विदर्भ एका रांगेत उभे होते. धुके इतके दाट की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत.

२/
कंटाळून मागच्या सीटवरून एकाने विचारले, "काबे, एवढे लोकं याच्या आधी कधी आले असतीन का इथं?" सगळे हसले. इतिहासाचा विद्यार्थी गाडीत मी एकटाच, म्हणून माना माझ्याकडे वळल्या. त्या वेळी मी १८०३ चे नाव घेऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. मित्रहो, आजचा थ्रेड त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

३/
आधी भूगोल. सातपुड्याची जी रांग अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला भिंतीसारखी उभी आहे, ती गाविलगडाची रांग. तिच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कापसाची जमीन, उत्तरेला तापी. मधला सारा प्रदेश दऱ्या, घाट आणि सागवानाचा. घाटांचा मेळ म्हणून मेळघाट, अशी या नावाची फोड केली जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या इथे उगम पावून तापीला मिळतात. त्यांतल्या सिपनेचे नाव कोरकू भाषेतले आहे. सिपना म्हणजे साग.

४/
गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून पडले, असे परंपरा सांगते. आजही चिखलदऱ्याजवळच्या मोथासारख्या गावांत गवळी समाज आहे, आणि आपण कौतुकाने खातो तो खवा व रबडी त्यांच्याच गोठ्यांतून येते. दगडी किल्ला मात्र बहमनी काळातला. अहमदशहा वली बहमनी याने १४२५ च्या सुमारास एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, मुक्काम ठोकून गाविलगड बांधवला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फरिश्ता लिहितो. एक किल्ला आज अमरावती जिल्ह्यात, दुसरा अकोला जिल्ह्यात.

५/
हे दोन किल्ले म्हणजे वऱ्हाडाच्या उत्तर दाराच्या दोन कड्या. माळवा आणि खानदेशाकडून येणाऱ्या फौजांवर इथूनच नजर ठेवता येई. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क बहमनींपासून स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडात इमादशाही सुरू झाली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मण कुळात जन्मलेला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. विजयनगरचा हा पक्षी सातपुड्याच्या कड्यावर कसा आला, याचे उत्तर अभ्यासक फतहुल्लाच्या जन्मकथेत शोधतात. त्या दरवाजाखाली सेल्फी काढणाऱ्यांनी एकदा मान वर करून पाहावे.

६/
पुढे १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही गिळली आणि शतक संपण्याच्या आत वऱ्हाड मोगलांकडे गेले. 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना अबुल फजल गाविल आणि नरनाळ्याची आवर्जून नोंद घेतो. अठराव्या शतकात वऱ्हाडावर दुहेरी अंमल आला. निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही महसूल वसूल करीत. कुणबी मात्र एकच होता. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांच्या ताब्यात आले.

७/
आता त्या वर्षाकडे येऊ, ज्याचे नाव मी गाडीत घेतले होते. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या मैदानात दुसरी मोठी लढाई झाली आणि तीही इंग्रजांनी जिंकली. पराभूत सैन्याचा एक मोठा भाग डोंगर चढून गाविलगडाच्या आश्रयाला गेला. मागोमाग आला आर्थर वेलस्ली, म्हणजे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

८/
अडचण अशी होती की दक्षिणेकडून किल्ला जवळजवळ अजिंक्य. कडा सरळ तुटलेला, तोफा वर नेणे अशक्य. उत्तरेला मात्र किल्ला पठाराशी एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. म्हणून ७ डिसेंबरला कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी एलिचपुराहून निघून धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली आणि वळसा घेत १२ तारखेला उत्तरेच्या पठारावर पोहोचली. या मार्गावर रस्ता नव्हता. सैनिकांनी आधी रस्ता करायचा आणि मग त्यावरून अवजड तोफा हातांनी ओढायच्या, असे ते पाच दिवस गेले. वेलस्लीने आपल्या अहवालात या श्रमांचे खास कौतुक केले आहे.

९/
१३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. आतला तट अजून शाबूत होता. त्यावर शिड्या लावून ९४ व्या रेजिमेंटची एक तुकडी चढली आणि तिने दार उघडले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. अवघ्या दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. तेव्हा सांगायचे तर, एवढी माणसे या डोंगरात पूर्वीही आली होती, आणि तीसुद्धा वाट अडल्यामुळे खोळंबली होती.

१०/
या तहाने काय झाले ते नीट पाहा. रघूजी भोसले दुसरे यांनी कटक-बालासोर इंग्रजांना दिले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले. ते इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाला मिळाले. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांकडेच ठेवले गेले. ते निजामाकडे गेले पुढच्या, १८२२ च्या तहाने. १८५३ मध्ये निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाडाचा कारभारच कंपनीने आपल्या हाती घेतला. १८५७ च्या उठावानंतर तात्या टोपे सातपुड्यात फिरत असताना त्यांना आसरा मिळू नये, म्हणून १८५८ मध्ये गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यात आली. आज दिसणारी सारीच पडझड काळाने केलेली नाही.

११/
चिखलदऱ्याचा 'शोध' १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने लावला, असे पर्यटनाची बहुतेक पुस्तके सांगतात. हा शब्द वाचून थांबावे. १८२३ मध्ये शेजारी चारशे वर्षांचा किल्ला होता, आसपास गवळ्यांचे वाडे होते, कोरकूंची गावे होती. लोककथा तर सांगते की भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकले आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला. म्हणजे जागा सर्वांना ठाऊक होती. रॉबिन्सनने लावला तो थंड हवेचा शोध. मैदानातल्या उन्हाने पोळलेल्या साहेबासाठी ही जागा उपयोगाची आहे, हा.

१२/
एकोणिसाव्या शतकात चिखलदरा वऱ्हाडातल्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी ठिकाण झाले. बंगले उठले, कॉफीची लागवड झाली, 'पॉइंटां'ना इंग्रजी नावे मिळाली. इथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. साहेब यायचा एप्रिल-मे महिन्यांत, ऊन चुकवायला. पाऊस लागला की तो खाली उतरे. आपण जातो जुलै-ऑगस्टमध्ये, धुके आणि धबधबे पाहायला. त्यांच्या हंगामात काम होते, दौरे होते, फायली होत्या. आपल्या हंगामात शनिवार, रविवार आणि जोडून आलेली सुट्टी असते. गर्दीचे महिने बदलले, कारण जाणारे लोक बदलले.

१३/
थंड हवेबरोबर साहेबाला दुसरी वस्तू दिसली ती साग. रेल्वे, पूल, बराकी यांना लाकूड हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बैरागड आणि गुगामळची जंगले राखीव झाली. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने ब्रिटिश भारताच्या मोठ्या भागात राखीव जंगलांची चौकट पक्की झाली. राखीव म्हणजे कुणासाठी, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. जंगल जाळून काही वर्षे एका तुकड्यावर पेरायचे आणि मग दुसरीकडे सरकायचे, ही फिरती शेती बंद होत गेली. चराई, मोहफुले, लाकूडफाटा यांवर परवाने आणि शुल्क आले. कोरकू माणूस स्वतःच्या रानात सरकारचा मजूर झाला.

१४/
कोरकू कोण? 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा शाखेची, म्हणजे झारखंडातल्या संथाली-मुंडारीची बहीण आहे, आणि मुंडा भाषांत सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी. मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी खांब उभारण्याची त्यांची रीत आहे. ज्यांचा इतिहास ताम्रपटांत आणि बखरींत नाही, त्यांचा असा लाकडात असतो. लाकूड कुजते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारे आहे.

१५/
अकोल्याच्या वाचकांना जंगलात जायचा आणखी एक मार्ग आठवत असेल : अकोला-खंडवा मीटरगेज. अकोट सोडले की गाडी सातपुड्यात शिरे आणि धुळघाटाजवळ चढ कापण्यासाठी स्वतःभोवतीच वळसा घेई. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी हा मार्ग बंद झाला. मग वाद पेटला. जुना मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जातो. तोच रुंद करायचा, की जंगल टाळून बाहेरून न्यायचा? वन्यजीव अभ्यासकांनी वळणाचा मार्ग मागितला, तर जंगलातल्या काही गावांची एकुलती एक स्वस्त गाडी गेली ती गेलीच. दोन्ही बाजूंना खरे दुःख आहे.

१६/
आता वाघाकडे. १ एप्रिल १९७३ ला देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. कॉर्बेट, कान्हा, रणथंभोर, सुंदरबन अशा पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातले एकच नाव होते, मेळघाट. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य जाहीर झाले आणि १९८७ मध्ये सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामळ राष्ट्रीय उद्यान. आज गाभा आणि बफर धरून प्रकल्प सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचा आहे. नरनाळा, वान आणि अंबाबारवा ही अभयारण्येही त्यातच येतात. ज्या नरनाळ्यावरून बहमनी सुलतान वाट राखत होते, त्याच्या पायथ्याशी शहानूरला आता सफारीचे प्रवेशद्वार आहे.

१७/
राष्ट्रीय उद्यान हा शब्द आपण 'सर्वांचे उद्यान' अशा अर्थाने ऐकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. तिथे माणसाचे हक्क संपवायचे असतात; चराईसुद्धा चालत नाही. पाहुणा तिकीट काढून काही तास आत जाऊ शकतो, राहणाऱ्याला मात्र तिथे राहता येत नाही. पहिले राष्ट्रीय उद्यान, १८७२ चे अमेरिकेतील यलोस्टोन, याच कल्पनेवर उभे राहिले आणि तिथूनही मूळ रहिवासी बाहेर गेले. कल्पना तिकडची होती, पण तिची झळ इथल्या गावांना लागायची होती.

१८/
२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा आणि कुंड ही तीन गावे जंगलातून उठून अकोट तालुक्यात आली. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपयांचा पर्याय आला. पुढे केलपाणी, गुल्लरघाट, अमोना, नागरतास, बारुखेडा, सोमठाणा, धारगड अशी आणखी गावे खाली उतरली. रिकाम्या झालेल्या जागांवर गवत वाढले, सांबर आणि गवे चरू लागले, त्यांच्यामागे वाघ आला. हे यश खरे आहे. ते नाकारून इतिहास लिहिता येणार नाही.

१९/
इथे थोडे स्वतःचे. माझे वडील अकोटचे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाची यात्रा असते. अकोट-अकोल्याकडचे भाविक डोंगर चढून गुहेतल्या पिंडीवर पाणी घालतात. मी सात-आठ वर्षांचा असताना बाबांच्या बोटाला धरून गेलो होतो. पावसात भिजून कुडकुडत असताना धारगडात एका कोरकू घरातल्या आजीने मला चुलीजवळ बसवले आणि काळा चहा दिला. तिचे नाव आम्ही विचारले नाही. घर लक्षात आहे : शेणाने सारवलेले, भिंतीवर पांढरी रेघ.

२०/
दहा-अकरा वर्षांनी पुन्हा यात्रेला गेलो. यात्रा तशीच होती, किंबहुना वाढलेली. वनखात्याने दिलेल्या मोजक्या वेळात गाड्यांची रांग, हर हर महादेवचा गजर, प्लास्टिकच्या बाटल्या. गावाच्या जागी मात्र गवत आणि गवतात उघडे पडलेले ओटे. बाबा बराच वेळ घर शोधत राहिले. "इथंच होतं," एवढेच म्हणाले. गाव उठले होते आणि यात्रा आत येत होती. त्या दिवशी हजारो माणसे त्या रानात होती. त्यांत धारगडची किती होती, हे मला सांगता येणार नाही.

२१/
जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतले काही लोक आपल्या जुन्या गावी परत गेले. जमीन मिळाली नाही, सोयी नाहीत, पैसा संपला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना बाहेर काढताना वनखाते-पोलीस आणि गावकरी यांच्यात चकमक झाली. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. जखमी वनरक्षकांत आणि गावकऱ्यांत एकाच तालुक्यातली माणसे असणे अशक्य नाही. १८०३ च्या लढाईचे नकाशे आपण पाठ करतो. या चकमकीचे नाव तरी आपल्याला माहीत असावे, म्हणून ती या थ्रेडमध्ये आहे.

२२/
मग दुसरा मार्गच नाही का? आहे. डोंगराच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवले, उजाड झालेला डोंगर स्वतः राखला, झाडे लावली आणि सीताफळे एकत्र विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये या गावाला जैवविविधतेसाठी राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. पायविहीर वाघाच्या गाभ्यात नाही, म्हणून हाच नमुना सगळीकडे चालेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण माणूस आत असला की जंगल संपतेच, या गृहीतकाला इथे एक लेखी अपवाद आहे.

२३/
आता पुन्हा घाटातल्या त्या गाडीत. १५ ऑगस्टला आम्ही ज्या 'नॅशनल पार्क'साठी निघालो होतो, ते खरे तर बंद होते. पावसाळ्यात गाभ्यातल्या सफारी थांबतात. आम्हीच काय, रांगेतले बहुतेक लोक धुके, भुट्टा आणि भीमकुंड एवढ्यावरच परत जाणार होते, आणि त्यात वाईट काहीच नाही. वर्षभर कापसात, दुकानात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत राबणाऱ्या माणसाला एक दिवस ढगात जावेसे वाटले, तर त्याला गर्दी म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपणही त्याच गर्दीत होतो.

२४/
माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर असे : हो, आले होते. सुलतानाचे गवंडी आले, तोफा ओढणारे शिपाई आले, सागाचे ठेकेदार आले, भाविक आले, आता आपण. प्रत्येकाने जाताना एखादा रस्ता मागे ठेवला. मात्र यांतले बहुतेक जण आल्या वाटेने परत गेले. ज्यांना परत जायला दुसरे गावच नव्हते, ते त्यांच्यानंतर त्याच वाटांनी सामान घेऊन खाली उतरले. आम्ही तीन तास अडकलो त्याची स्टोरी टाकली. त्या उतरण्याची नोंद अजून लिहायची आहे.

२५/
पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा तीन गोष्टी करा. गाविलगडावर दिल्ली दरवाजाचा गंडभेरुंड शोधा. उत्तरेच्या तटावर उभे राहून ती चिंचोळी पट्टी पाहा, म्हणजे १५ डिसेंबर कळेल. आणि रबडी घेताना, भुट्टा घेताना समोरच्या माणसाला त्याचे गाव विचारा. जुनेही आणि नवेही. उत्तर मिळाले तर लिहून ठेवा, तारखेसकट. मी धारगडच्या आजीचे नाव विचारायला विसरलो होतो.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरी मेळघाटाच्या, धारगड-यात्रेच्या किंवा अकोला-खंडवा गाडीच्या आठवणी असतील, तर खाली अवश्य सांगा.